जुन्या घरात हॉटेल निघालं: घर वाचलं की गेलं?

पणजीकर: रविवारी पणजीच्या फोंताईन्हास या जुन्या वस्तीतल्या एका घरात जेवलो. घर कसलं, आता रेस्टॉरंटच. टेबल मिळेपर्यंत बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीत, बसवलं. आत शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा तो दुधाळ उजेड. चौघांचं बिल साडेतीन हजार, सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) बरं, सोलकढी निव्वळ पाणी. तरी पैसे खुशीनं दिले. याच घराच्या छपरातून पिंपळ वर आलेला मी पाहिलाय. हॉटेलवाला आला नसता तर आज तिथं बिल्डरचा बोर्ड असता. जुनी घरं वाचवायचा एवढाच रस्ता उरलाय, असं माझं मत.

मळेकरीण: साफ चूक. मी अशाच एका हॉटेलापासून दोन घरं सोडून राहते. रात्री जनरेटर, तळणाचा वास थेट आमच्या खोलीत. सकाळी दार उघडावं तर पायरीवर कुणीतरी फोटोसाठी पोझ देऊन बसलेलं. आणि वाचलं म्हणता ते काय? रस्त्याकडची भिंत! आतल्या भिंती पाडून हॉल केला, चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट फासलं. जांभ्याचा चिरा ओल धरतो, चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आतच मुरते. दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, पोपडे मोजायला बोलावते.

पणजीकर: ताई, वासाचं नि जनरेटरचं मान्य. पण चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळतो कुठं? आणि त्याची मजुरी कोण देणार, आपण दोघं?

सत्तरीचा: माझं दुखणं वेगळंच. अशाच एका ठिकाणी खतखतं, आपली मिसळीची भाजी, आहे का विचारलं. वेटर म्हणाला, "वो क्या होता है?" मेनूत पास्ता मात्र तीन तऱ्हेचा.

फोंडेकर: मालकाचं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. आमच्या राजांगणाच्या, म्हणजे मधे चौक असलेल्या, घराला वाटेकरी एकवीस. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून इथं गोव्यात मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. चांगलंच आहे, माझ्या आत्यांना हक्क मिळाला तो त्यामुळेच. पण तीन पिढ्यांनंतर एका सहीसाठी मुंबई, दुबई, टोरांटो फिरावं लागतं. दर मे महिन्यात कौलं परतायची, कुजलेले वासे बदलायचे. तेव्हा कुणाचा फोन लागत नाही. हॉटेलवाल्यानं भाड्याचा आकडा सांगितला आणि एकवीसही जण आठवड्यात सापडले!

मळेकरीण: मग देताय?

फोंडेकर: देवघर सोडून बाकी सगळं घ्या म्हटलं. त्याला नेमकं देवघरच हवंय. वाईनच्या बाटल्यांना तिथला गारवा बरा, म्हणतो. तिथंच अडलंय.