मदत हवी आहे: एनएमआरच्या एसटीडीत बाइंडिंग दिसतंय, एचएसक्यूसीत एकही पीक हलत नाही

पीकवाली: पीटीपी१बी या एन्झाइमवर अ‍ॅलोस्टेरिक इनहिबिटर (अ‍ॅक्टिव्ह साइट सोडून दुसरीकडे बसून एन्झाइम रोखणारा रेणू) शोधतेय. एका फ्रॅगमेंटचा (छोट्या रेणूचा) एसटीडी सिग्नल (लिगंडच्या बाजूने बाइंडिंग दाखवणारा) मस्त येतोय पण १५एन एचएसक्यूसीत (प्रोटीनच्या बाजूने बघणाऱ्या प्रयोगात) तेच घातलं तर एकही पीक सरकत नाही. तीन आठवडे गेले, सोमवारी ग्रुप मीटिंग आहे, सर विचारणार बाइंड होतंय की नाही आणि माझ्याकडे दोन उलटी उत्तरं. प्लीज लवकर सांगा.

जुना प्रोब: प्रोटीन किती, लिगंड (म्हणजे तो फ्रॅगमेंट) किती, डीएमएसओ (ते विरघळवणारं द्रावक) किती? काहीच लिहिलं नाहीस. प्रोटीनशिवायचा कंट्रोल घेतलास का?

पीकवाली: कंट्रोल घेतला, साफ आहे. बाकी सगळं नेहमीचंच.

थर्मो: आयटीसी (बाइंडिंगची उष्णता मोजणं) करा, एका दुपारीत केडी (बाइंडिंग किती घट्ट त्याचा आकडा) हातात. मी पीएचडीभर तेच केलं.

जुना प्रोब: फ्रॅगमेंटचा केडी मिलीमोलरच्या घरात, म्हणजे बाइंडिंग सैल असलं तर आयटीसीत उष्णता दिसायला केवढं प्रोटीन ओतावं लागेल? तिला ते परवडणार आहे का?

थर्मो: कॉम्पिटिशन आयटीसी करता येते की. एनएमआरवाल्यांना दुसरं काही पटतच नाही.

घोळदार: माझा अनुभव सांगतो, फ्रॅगमेंटचे गोळे होतात आणि एसटीडी फसवतो. ०.०१ टक्के ट्रायटन (डिटर्जंट) घालून बघ, सिग्नल गेला तर सोड तो कंपाउंड.



सायटवाला: अ‍ॅक्टिव्ह साइटवर बसतंय का तेही बघ. अ‍ॅक्टिव्ह साइटवर बसणारं व्हॅनाडेट घालून एसटीडी कमी झाला तर अ‍ॅलोस्टेरिकचा विषय बहुधा संपला.

घोळदार: बफरमध्ये ईडीटीए नको मग, व्हॅनाडेटला पकडून ठेवतं. डीटीटीसुद्धा नको.

जुना प्रोब: आणि डीटीटी काढलं की अ‍ॅक्टिव्ह साइटमधला सिस्टीन २१५ ऑक्सिडाइज होणार. जपून. पण पीकवाली, आकडे?

पीकवाली: एसटीडीत प्रोटीन १० मायक्रोमोलर, लिगंड १ मिलीमोलर. एचएसक्यूसीत दोन्ही १००-१०० मायक्रोमोलर, डीएमएसओ मॅच केलंय.

जुना प्रोब: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! केडी १ मिलीमोलर धर, १००-१००ला जेमतेम ८ टक्के प्रोटीन भरतं. एवढ्यात पीक कुठून हलणार? विरघळत असेल तर लिगंड २ मिलीमोलरपर्यंत टप्प्याटप्प्याने चढव, दर टप्प्याला पीएच बघ, नाहीतर हिस्टिडिनची पीकं सरकतील आणि तुला बाइंडिंग वाटेल. कन्स्ट्रक्ट (प्रोटीनचा तू वापरतेस तो तुकडा) कितव्या अमिनो आम्लापर्यंत आहे?

पीकवाली: १ ते २८२. प्लाझमिड दुसऱ्या लॅबमधून आलाय, त्यात काय?

सायटवाला: अगं, अ‍ॅलोस्टेरिक खिसा अल्फा३, अल्फा६ आणि अल्फा७ या तीन हेलिक्सचा आहे, अ‍ॅक्टिव्ह साइटपासून साधारण २० अँगस्ट्रॉम लांब. अल्फा७ सुरू होतो २८५च्या आसपास, म्हणजे तुझ्याकडे तो हेलिक्सच नाही! २९८ किंवा ३०१पर्यंतचा कन्स्ट्रक्ट घे.

जुना प्रोब: आणि ३५ किलोडाल्टनच्या आसपासचं होईल ते, साध्या एचएसक्यूसीत पीकं पसरतील. बॅक्टेरिया जड पाण्यात वाढव, ट्रोसी (मोठ्या प्रोटीनसाठीचा एचएसक्यूसी) लाव.

थर्मो: जड पाण्याचा खर्च बघा, आयटीसीला यातलं काही लागत नाही.

पीकवाली: आत्ता फाइल उघडून बघितली, सिक्वेन्स खरंच २८२लाच संपतोय. २ मिलीमोलरचा टप्पा आज रात्री लावते, ३०१चा प्राइमर उद्या ऑर्डर करते. सोमवारी सरांना सांगते की एसटीडी खरा असला तरी तो या खिशातला म्हणता येत नाही.