वर्गात '२०५० मधला दिवस' लिहून घ्यावा का?

कोरी पाटी
आठवी-नववीच्या मुलांना मी '२०५० मधला एक दिवस' लिहायला देते. पहिल्या फेरीत ठरलेला माल येतो: उडत्या मोटारी, मंगळावर सहल, नाहीतर सगळं जग पाण्याखाली. खरी मजा दुसऱ्या फेरीत. 'त्या दिवशी उठल्यावर तू नेमकं काय करतोस?' एवढंच विचारायचं. एकाच्या वहीत यंत्रमानव गृहपाठ करत होता, आजीला औषध देत होता, मैदानात खेळतही होता. खाली त्यानं लिहिलं, 'मग मी काय करू?' पुढे कोरं पान. त्या प्रश्नावर अख्खा तास रंगला.

हवाई विद्यापीठातले भविष्य-अभ्यासक जिम डेटर भविष्याची चार चित्रं मांडत: चालू आहे तशी वाढ, पडझड, शिस्तीनं मर्यादेत राहणारा समाज आणि संपूर्ण कायापालट. मी चारही लिहून घेते. भविष्याकडे बघायची नजर अशी घडवता येते आणि शाळेनं ती घडवावी, असं माझं मत.

तिरपा डोळा
'घडवावी' इथंच घोडं अडतं. १९७६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी जॉन कॅरोल या संशोधकानं काही जणांना कार्टर जिंकलेत अशी कल्पना करायला लावली, काहींना फोर्ड. ज्यानं ज्याचा विजय रंगवला, त्याला तोच जिंकेलसं जास्त वाटू लागलं. नुसत्या कल्पनेनं! मग चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात तुम्ही काय पेरताय, याचा हिशोब कोण ठेवणार?

शिळोप्याचा गडी
'सूर्य उगवला नाही तर' या निबंधाला नवं बारसं घातलंय. चालू द्या.

कोरी पाटी
@शिळोप्याचा गडी, त्या निबंधात शेवटी 'बरं झालं, सूर्य उगवतो' म्हणून मोकळं होता येतं. इथं नाही.
@तिरपा डोळा, कॅरोलचं मान्य, म्हणून तर चार चित्रं. एकच रंगवलं तर तेच खरं वाटणार. शेल या तेलकंपनीत पिएर वाक यांच्या गटानं १९७३ च्या तेलसंकटाआधी हेच केलं. 'असंच होणार' असं भाकीत नव्हतं, वेगवेगळ्या शक्यता होत्या आणि त्यांत तेल महागण्याचीही होती. संकट आलं तेव्हा त्यांना ते अगदीच अनोळखी नव्हतं.

तिरपा डोळा
शेलच्या साहेबांच्या हातात पैसा होता, निर्णय होते. तुमच्या विद्यार्थ्याच्या हातात काय? दप्तर. ज्याला काहीच बदलता येत नाही, त्याच्याकडून पडझड लिहून घेणं म्हणजे आगीत तेल. २०२१ मध्ये १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांना हवामानबदलाबद्दल विचारलं, तेव्हा ७५ टक्के म्हणाले, भविष्य भीतिदायक वाटतं.

जुनी वही
ती पाहणी मीही वाचलीय. त्या अस्वस्थतेचा संबंध 'सरकारं पुरेसं करत नाहीत' या भावनेशीही आढळला होता. म्हणजे भीती वर्गात तयार झालेली नाही, ती आधीच दप्तरात बसून येते. ती कागदावर उतरली तर निदान तिच्याशी बोलता तरी येतं.
मला काळजी उलट टोकाची वाटते. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगन यांच्या प्रयोगांत नुसती गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचे प्रयत्न कमी पडलेले दिसतात. स्वप्नाशेजारी आजचा अडथळा मांडला की जोर येतो, अर्थात ते आवाक्यातलं असेल तर. तेव्हा मंगळावरच्या सहलीचीही जरा उलटतपासणी घ्या की.

तिरपा डोळा
हे पटलं, पण अर्धंच. कोरी पाटी, एक सरळ प्रश्न: या लिखाणाला गुण देता का?

कोरी पाटी
देते. पण कुठलं भविष्य निवडलं याला नाही. २०५० पासून आजपर्यंत मागे येताना कुणी काय केलं, त्या पायऱ्यांना.

तिरपा डोळा
बाईंना कुठल्या पायऱ्या आवडतात हे मुलांना आठवड्यात कळतं. एकदा नाव न घालता कागद घ्या, गुण देऊ नका, आणि काय येतं ते इथं टाका. मग पुढचं भांडू.