‘त्रयस्थ’, ‘बाह्यस्रोत’ आणि ‘जोखीम’: बँकेने बाहेर दिलेल्या कामांना काय म्हणावे?

प्रश्न : एका सहकारी बँकेच्या आउटसोर्सिंगविषयक धोरणाचा मराठी मसुदा तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात ‘थर्ड पार्टी रिस्क’साठी ‘त्रयस्थ जोखीम’ आणि आउटसोर्सिंगसाठी ‘बाह्यस्रोतीकरण’ असे शब्द योजले आहेत. दोन्ही वाचताना अडखळायला होते, परंतु नेमके काय खटकते ते सांगता येत नाही.

उत्तर : खटकतो तो ‘त्रयस्थ’. दोघांच्या वादात ज्याचे हितसंबंध गुंतलेले नाहीत, जो अलिप्तपणे पाहू शकतो, तो मराठीत त्रयस्थ. म्हणूनच सरकारी बांधकामाची ‘त्रयस्थ संस्थेकडून तपासणी’ हा प्रयोग अगदी योग्य ठरतो, कारण तेथे अलिप्तताच अपेक्षित असते. बँकेचे एटीएम चालवणारी, थकबाकी वसूल करणारी किंवा संगणकप्रणाली सांभाळणारी कंपनी मात्र मोबदला घेऊन, करार करून बँकेच्याच वतीने काम करते. ती अलिप्त कशी असेल? ती ‘तिसरी’ ठरते ती ग्राहक आणि बँक या दोघांकडून मोजले असता. तेव्हा ‘तृतीय पक्ष’ चालेल, आणि त्याहून सरळ म्हणजे ‘सेवापुरवठादार’.

‘बाह्यस्रोत’ शासननिर्णयांमुळे रुळला आहे (आणि निम्म्या वेळा ‘स्त्रोत’ असा चुकीचा लिहिलाही जातो), पण स्रोत म्हणजे उगम, आणि येथे उगमाचा प्रश्नच नाही. आपण काम ‘बाहेर देतो’, ‘सोपवतो’. ‘बाहेर सोपवलेली कामे’ असे लिहिले तर संचालकांपासून शिपायापर्यंत सर्वांना कळेल. शीर्षकात ‘आउटसोर्सिंग’ राहू द्यावे. बँकेत सगळे तेच म्हणतात.

प्रश्नकर्ता : मग ‘जोखीम’ बदलायची का?

उत्तर : मुळीच नाही, उलट हा शब्द येथे फार नेमका बसतो. ‘जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको’ असे जुनी माणसे म्हणत, तेव्हा जोखीम म्हणजे धोका नव्हे, तर सांभाळायला दिलेला ऐवज. ठेवीदाराचा पैसा आणि माहिती हा बँकेपाशी असलेला असाच ऐवज आहे. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २८ जून २०२१ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा गाभाही हाच, की काम बाहेर दिले तरी बँकेचे उत्तरदायित्व उणे होत नाही आणि संचालक मंडळाला हात झटकता येत नाहीत. कर्जमंजुरी, अंतर्गत लेखापरीक्षण, गुंतवणुकीचे व्यवस्थापन अशी कामे तर बाहेर देताच येत नाहीत. त्यामुळे मसुद्यात ‘जबाबदारी हस्तांतरित करणे’ असे कोठे आले असेल, तर ती केवळ भाषेची चूक समजू नका.

दुसरे उत्तर : वरील मताशी मी सहमत आहे, फक्त ‘सेवापुरवठादार’ एवढ्यावर थांबू नये असे वाटते. पुरवठादार आपले काम पुढे आणखी कोणाला देतो, त्याला इंग्रजीच्या मागे जाऊन ‘चतुर्थ पक्ष’ म्हणण्याची गरज नाही. पोटकूळ, पोटभाडेकरू या चालीवर मराठीत ‘पोटकंत्राटदार’ आहेच, आणि त्या ‘पोट’मध्ये खरी अडचणही दिसते: करार त्याचा पुरवठादाराशी, बँकेशी नव्हे. म्हणून पोटकंत्राट देण्यापूर्वी बँकेची संमती घेण्याचे कलम मूळ करारात स्पष्ट शब्दांत हवे.

अनेक बँका एकाच पुरवठादारावर अवलंबून असतात, त्या स्थितीलाही शब्द लागेल. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना संगणकप्रणाली पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर व्हायरसचा (रॅन्समवेअर) हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) तिला किरकोळ देयकप्रणालीपासून तात्पुरते वेगळे केले आणि तिची सेवा घेणाऱ्या अनेक लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार थांबले. मसुद्यात याला ‘केंद्रीकरण जोखीम’ म्हटले असेल, तर वाचणाऱ्याला सत्तेचे केंद्रीकरण आठवेल. मी ‘एकाच पुरवठादारावरील अवलंबनाची जोखीम’ असे लिहीन. लांब आहे खरे.

प्रश्नकर्ता : लांब चालेल. ‘त्रयस्थ’ मात्र एका ठिकाणी ठेवतो आहे: पुरवठादाराची तपासणी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून करून घेण्याचे जे कलम आहे, तेथे.