हॅबिट रूज: नाशिकसाठी ईडीटीच

हॅबिट रूजचं ईडीटी (ओ द टॉयलेट, हलका प्रकार) घ्यावं की ईडीपी (ओ द पार्फम, दाट प्रकार), हा तुमचा प्रश्न ऑफिससाठी असेल तर माझं मत सरळ ईडीटीला. गेर्लँ या फ्रेंच कंपनीचं हे अत्तर 1965 चं. सुरुवातीला लिंबू-बर्गमॉटचा झणका, मग हळूहळू व्हॅनिला, चामडं आणि ती पावडरी ऊब. ईडीपीत सुगंधी तेलाचं प्रमाण जास्त, व्हॅनिलाही दाट. एप्रिलच्या चाळिशीतल्या उन्हात, बंद गाडीत ते डोक्यात जातं. डिसेंबरातल्या गंगापूर रोडवरच्या लग्नाला मात्र ईडीपी झकास!

दुकानातल्या कागदी पट्टीवर भरवसा नको. मनगटावर मारा, चोळू नका, कॉलेज रोडला तासभर फिरा, मगच पैसे काढा. पहिल्या पाच मिनिटांत घरचे 'पावडरचा डबा सांडला का?' विचारतील, तिकडे दुर्लक्ष करा.