मदत हवी आहे (रग्बी): फ्लँकरचा हुकर होताना लाइनआउटचा थ्रो डावीकडे जातोय, शिवाय कराराबद्दल

तिसरी_रांग
धाकटा भाऊ क्लबच्या अकॅडमीत ओपनसाइड फ्लँकर (स्क्रमच्या मागच्या रांगेत, मोकळ्या बाजूला खेळणारा) आहे. वय २०, उंची १८१ सेंमी, वजन १०१ किलो. प्रशिक्षक म्हणतात, या उंचीवर मागच्या रांगेत सीनियर करार मिळणं कठीण, हुकर (पुढच्या रांगेतला मधला, लाइनआउटला सहसा चेंडू टाकणारा) हो. स्क्रम (दोन्ही संघांनी रांगा गुंफून एकमेकांना ढकलणं) हळूहळू जमतोय, अडतंय ते लाइनआउटला (चेंडू बाहेर गेल्यावर तो रेषेवरून दोन संघांच्या रांगांमध्ये सरळ टाकतात). पुढचा आणि मधला थ्रो सरळ जातो, पण शेवटच्या जंपरकडचा (चेंडू झेलायला साथीदार ज्याला उचलतात तो) चेंडू डावीकडे सरकतो, सराव संपत आला की तर हमखास. उजव्या हाताने टाकतो.
हे कसं सुधारायचं? जागा बदलणं शहाणपणाचं आहे का? आणि करारात काय बघायचं?

उभा_खांब
दोष हातात दिसत असला तरी मूळ बहुधा कमरेत आहे. शेवटचा जंपर टचलाइनपासून (मैदानाच्या बाजूच्या रेषेपासून) १३-१४ मीटरवर असतो. तिथवरचा जोर पाय आणि धडातून यायला हवा. धड थकलं की तोच जोर खांद्यातून काढला जातो, उजवं कोपर बाहेर फाकतं, हात छातीवरून आडवा येतो आणि चेंडू डावीकडे जातो.

जंपरच्या जागेवर उभं राहून समोरून व्हिडिओ घ्या, बाजूने घेतलेल्यात हे कळत नाही. चेंडू डोक्यामागे असताना दोन्ही कोपरं समोर रोखलेली हवीत. उजवा पाय मागे ठेवत असेल तर कंबर फिरतेच, म्हणून काही दिवस पाय समांतर, खांद्याइतके अंतर ठेवून टाकू दे. सोडल्यावर दोन्ही हातांची बोटं लक्ष्याकडे राहिली पाहिजेत.

सरावाला गोलपोस्टचा खांब घ्या. आडवी दांडी ३ मीटरवर असते, तिच्या वर हातभर अंतरावर खांबाला पट्टी चिकटवा. उचललेल्या जंपरचे हात साधारण तिथेच असतात. ६, ९ आणि १३ मीटरवरून दहा-दहाच्या पाच फेऱ्या. चुकलेला प्रत्येक थ्रो डावा, उजवा, वर की खाली, ते लिहून ठेवा. शेवटच्या दोन फेऱ्या स्क्रम मशीनवर ढकलून झाल्यावर लगेच, धाप लागलेली असताना. ताज्या दमात खांब लागतो म्हणून खूश होऊ नका, सामन्यात थ्रो पळून आल्यावरच टाकायचा असतो.

(समोरच्यांनी चेंडूसाठी उडीच घेतली नाही, तर हल्ली रेफरी वाकडा थ्रो चालवून घेतात. त्यावर विसंबू नये. गोलरेषेपासून पाच मीटरवरच्या लाइनआउटला ते उडी घेणारच.)

तिसरी_रांग
धन्यवाद! पाय समांतर ठेवले तर चेंडू पोचतच नाही.

उभा_खांब
सुरुवातीला तसंच होणार. ११ मीटरपासून धरा आणि आठवड्याला अर्धा मीटर मागे सरका. गुडघे किंचित वाकवून टाकताना पंजांवर यायचं. शिवाय तो शेवटचा थ्रोही पुढच्यासारखा सपाट मारत असेल. पुढचा सपाट आणि जोरात, पण शेवटच्याला कमान हवी, चेंडू मधल्या जंपरच्या हातांवरून गेला पाहिजे.

लूजहेड_१
थ्रोवर वरच्याला +१. जागा बदलण्याबद्दल माझं मत: बदलावी. २३ जणांच्या संघात ८ राखीव असतात आणि त्यात पुढच्या रांगेच्या तिन्ही जागांचे बदली खेळाडू लागतात. म्हणजे दर सामन्याला दोन हुकर हवेतच. मागच्या रांगेचा राखीव बहुतेकदा एक, फार तर दोन, आणि १८१ सेंमीचा फ्लँकर लाइनआउटला जंपर म्हणून फारसा उपयोगी नसतो.

पण मान तयार झाल्याशिवाय राखीव हुकर म्हणून नाव देऊ देऊ नका. नियमालाही पुढच्या रांगेसाठी प्रशिक्षित खेळाडूच लागतो. जोडीदाराचा तळहात कपाळाला, मागे आणि दोन्ही बाजूंना लावून, डोकं न हलवता १०-१० सेकंद दाब, ३ फेऱ्या. दुखलं तर थांबायचं आणि फिजिओला दाखवायचं. स्क्रम लावताना रेफरीच्या 'बाइंड' आणि 'सेट' या हाकांच्या मध्ये हुकरचा ब्रेक फूट (भार थोपवणारा पाय) पुढे रोवलेला हवा, नाहीतर समोरचं वजन थेट मानेवर येतं.

वर्ल्ड रग्बीच्या (खेळाची जागतिक संघटना) २०२१च्या मार्गदर्शनानुसार आठवड्यात फुल कॉन्टॅक्ट सराव १५ मिनिटं आणि प्रत्यक्ष सेट-पीस (स्क्रम, लाइनआउट) ३० मिनिटं, एवढीच मर्यादा आहे. तेवढ्यात थ्रो शिकून होत नाही. खांबावरचा एकट्याचा सराव या हिशेबात येत नाही, म्हणून तोच रोज.

कलमवाचक
करारापुरतं. एका वर्षाचा असेल तर दोन मागा, पहिलं वर्ष नुसतं शिकण्यात जातं. दुखापतीचं कलम शब्दशः वाचा: किती महिने पूर्ण मानधन, नंतर किती, आणि क्लबला करार कधी मोडता येतो. कन्कशनचा (डोक्याला मार लागून मेंदूला होणारी इजा) उल्लेख वेगळा आहे का, तेही बघा. खेळलेल्या सामन्यांवर बोनस असेल तर राखीव म्हणून उतरलेला सामना धरला जातो का, हे लेखी घ्या, नव्या हुकरचे बहुतेक सामने तसेच असतात. थ्रोचा प्रशिक्षक आठवड्यातून किती वेळ देणार, तेही लेखी.

दुसऱ्या देशात करार होत असेल तर त्या देशाकडून खेळण्यासाठी जन्म किंवा आई-वडील, आजी-आजोबांचा जन्म तिथला नसल्यास साधारणपणे सलग ६० महिने तिथल्या युनियनकडे (देशाची रग्बी संघटना) नोंदणी लागते. पूर्वी ३६ महिन्यांचं वास्तव्य पुरे होतं, जुन्या माहितीवर जाऊ नका. एजंट असेल तर तो युनियनकडे नोंदलेला आहे का, हे सहीच्या आधी तपासा.