घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं पडणं, भाजणं - तुमचे अनुभव लिहा

मागे सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा बऱ्याच जणांनी आपापलं सांगितलं, म्हणून हा वेगळा धागा. उपदेश नको, घरात काय बदललं तेवढं लिहा.

भवानीपेठकर : आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आलं की पिंप, घागरी, पाइप सगळं पॅसेजमधे, आणि शहाबादी फरशी ओली झाली की विचारूच नका. आज्जी नेमकी तेव्हाच "पाणी आलं का गं" करत उठणार. बस म्हटलं की ऐकत नाही, मग तिला कॉटवर बसूनच पिंपांची झाकणं पुसायचं काम दिलं, आता हक्कानं बसते. झिजलेल्या सपाता मात्र दोनदा टाकल्या, दोन्ही वेळा कचऱ्यातून काढून आणल्या.

सोलापुरी पोरगा : बाथरूममधे हँडल लावा, पण ते चिकटवायचं नको बे, भिंतीत ड्रिल मारून लावा. आमचे अण्णा टॉवेलच्या दांडीला धरायला गेले, दांडीसकट खाली.

जुळे सोलापूर : आईची समई जमिनीवर असायची, वात सारायला वाकली की पदर पुढं यायचा, एकदा काठ पेटलाच, बाबांनी हातानं विझवला. देव्हारा ओट्याएवढ्या उंचीवर घेतला, दिव्याला काच आणली. घरात पॉलिस्टरच्या साड्या नेसायची तेही बंद केलं, ते वितळून कातडीला चिकटतं. बाबांचा हात वीसेक मिनिटं नळाखाली धरायला लावला, शेजारच्या मामी टूथपेस्ट घेऊन उभ्याच होत्या!

विडी घरकुल : सासऱ्यांना वासच येत नाही. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी हे शेजारी पेपर वाचत बसलेले. आता ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होणारी शेगडी घेतलीय, महाग आहे पण घ्याच. सिलिंडरचा गॅस जड, खाली साचतो, म्हणून वास आला की दारं-खिडक्या उघडायच्या, लाइटचं बटण चालूही नाही न् बंदही नाही. गॅस गळतीचा हेल्पलाइन नंबर 1906 भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

भवानीपेठकर : बीपीच्या गोळ्या असतील तर रात्री उठताना आधी कॉटवर मिनिटभर बसू द्या, एकदम उठलं की चक्कर येते. संडासापर्यंत सेन्सरचा दिवा लावलाय.

सोलापुरी पोरगा : लाइट गेली तर लागतो का तो?

भवानीपेठकर : चार्जिंगचा घे, लागतो.