नाकाबंदीवर गाडी अडवली तर: अनुभव धागा

नाकाबंदीत पोलीस काय मागू शकतात आणि काय नाही, यावर रोज या कामात असणाऱ्यांनी लिहावं ही विनंती. कलम द्या, रस्त्यावर घोळ कुठे होतो तेही द्या. कलमं मोटार वाहन कायदा, १९८८ ची धरा.

*

गाडी थांबवायचीच. गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवावं लागतं (कलम १३०). समोर हवालदार आहे म्हणून नकार देता येत नाही. डिजिलॉकर, एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं चालतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ तसं सांगतो. पण लोक गॅलरीतला फोटो किंवा स्वतः अपलोड केलेला स्कॅन पुढे करतात, आणि तिथेच वाद होतो. ॲपमध्ये 'इश्यूड'खाली, म्हणजे सरकारी खात्याकडून थेट आलेलाच कागद हवा. घाटात रेंज जाते, म्हणून निघण्यापूर्वी उघडून बघा.

*

लायसन्स जमा केलं तर पावतीवरचं पोटकलम आधी वाचा, हे कळकळीने सांगतो. २०६(२) खाली घेतलं असेल, तर मिळालेल्या पावतीवर, तिच्यात लिहिलेल्या तारखेपर्यंत किंवा लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवता येते. २०६(४) खाली घेतलं असेल तर पावती असूनही चालवता येत नाही. लायसन्स आरटीओकडे निलंबनासाठी जातं. हेल्मेट नसणं, ट्रिपल सीट, अतिवेग, दारू, रुग्णवाहिकेला वाट न देणं हे सगळं २०६(४) मध्ये येतं. दोन्ही पावत्या सारख्याच समजून गाडी काढणारे पुढच्या नाक्यावर विनालायसन्स ठरतात.

*

वर भर घालतो. गाडी जमा करायचं कलम २०७. त्यात लायसन्स नसणं, अल्पवयीन चालक, नोंदणी नसणं, परवाना (गाडीचं परमिट) नसणं किंवा परवान्याच्या अटी मोडणं एवढंच आहे. नुसती पीयूसी संपली म्हणून २०७ लागत नाही, त्याचं चलान होतं. लायसन्स किंवा परवाना नसेल तर गाडीऐवजी आरसी घेऊन पावती द्यायची मुभा अधिकाऱ्याला आहे. तशी विनंती जरूर करा. किल्ली उपटून घ्यावी असं मात्र कुठल्याच कलमात नाही.

*

ब्रेथ टेस्टबद्दल. मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ. नळी नवी, पाकिटातली, तुमच्यासमोर फोडलेली असावी. नुकताच माउथवॉश घेतला असेल तर तोंडातल्या अल्कोहोलने आकडा फुगतो. तसं लगेच सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा. फुंकायलाच नकार देऊ नका: संशयाला कारण असेल तर त्यावरून अटक होऊ शकते आणि नकार पुढे पुरावा म्हणून वापरला जातो. कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं (कलम २०२). अटकेची वेळ कागदावर नीट लिहून घ्या; कोर्टात सगळं त्या वेळेवर ठरतं. सोबत न प्यायलेला लायसन्सधारक असेल तर गाडी त्याच्या ताब्यात द्यायची विनंती करता येते.

*

पैसे दिले तर मशीनची पावती घ्या. चलान चुकीचं वाटलं तर जागेवर हुज्जत घालू नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर तक्रार टाका, फोटोत नंबरप्लेट आणि जागा दिसते का ते आधी बघा. पावतीशिवाय पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४.